पेठेतल्या बालपणाचा नकाशा कसा करायचा

पुण्याच्या पेठांमध्ये वाढलेली माणसं आता कोथरूडला, सिंहगड रोडला नाहीतर थेट न्यू जर्सीला आहेत, आणि त्यांच्यातल्या अनेकांचे वाडे पडून तिथे इमारती उभ्या राहिल्या आहेत. आठवणी टिकून आहेत. पण त्या लिहून घ्यायला बसलं आणि "लहानपणीचं काहीतरी सांगा ना" म्हटलं, की तासाभरात ठरलेली वाक्यं हाती लागतात: दारं सताड उघडी असायची, कुणीही कुणाकडे जेवायचं, आता ते राहिलं नाही. दोष सांगणाऱ्याचा नसतो, प्रश्नच अधांतरी असतो. "तुमच्या वाड्याच्या दिंडी दरवाजातून बाहेर पडल्यावर डाव्या हाताला पहिलं काय होतं?" असं विचारलं की तोच माणूस सावरून बसतो. म्हणून आधी जागा पक्की करायची आणि गोष्ट मागून येऊ द्यायची. खालची रीत पुण्यातल्या पेठांसाठी आहे. नाशिक, कोल्हापूर, साताऱ्याच्या जुन्या पेठांना ती थोड्या फरकाने चालेल.

हद्द लहान, काळ लहान

अख्खी सदाशिव पेठ हातात घेऊ नका. एक आळी, एक बोळ किंवा दोन मारुतींमधला रस्ता पुरे. कागदावर मावेल असं क्षेत्र म्हणजे साधारण २०० मीटर लांब आणि १४० मीटर रुंद. काळही दहा वर्षांपेक्षा मोठा नको. १९५५ ते १९६५ आणि १९७५ ते १९८५ ही एकाच रस्त्यावरची दोन वेगळी गावं आहेत. ती एका नकाशात कोंबली की जुन्या भानुविलास थिएटरच्या शेजारी झेरॉक्सचं दुकान उगवतं.

सांगणाऱ्याच्या वयाची सहा ते बारा ही वर्षं सगळ्यात फलदायी. त्याआधीची आठवण बहुतेक घरातलीच असते: मोरी, बंब, आजीचं देवघर. तेराव्या वर्षानंतर हाताशी सायकल येते आणि पोरगं पेठेबाहेर पडतं. मधल्या काळात मात्र त्याला कुठल्या ओट्याची फरशी निसटलेली आहे हेसुद्धा पाठ असतं.

कागद आणि मोजमाप

ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरच्या मोफत नकाशावरून आजचा नकाशा घ्या आणि १:५०० प्रमाणात ए-३ कागदावर छापा. या प्रमाणात कागदावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५ मीटर, आणि ४२ बाय २९.७ सेंटिमीटरच्या पूर्ण कागदात २१० बाय १४८ मीटर बसतात. घोटाळा होतो तो छापताना. प्रिंटरवाला सवयीने 'फिट टू पेज' ठेवतो आणि प्रमाण बिघडतं. '१०० टक्के' सांगा. नकाशाच्या कोपऱ्यात आधीच १० सेंटिमीटरची रेघ टाकून ठेवा आणि छापल्यावर दुकानातच पट्टीने मोजा. ती ९.६ भरली तर कागद परत करा. छपाई काठापासून थोडी आत सुरू होते, तेव्हा महत्त्वाची जागा अगदी कडेला ठेवू नका.

त्यावर ट्रेसिंग पेपरचे तीन थर घ्या आणि मास्किंग टेपने फक्त वरच्या कडेला चिकटवा, म्हणजे पानासारखे उलटता येतील. पहिल्या थरावर वास्तू: वाडे, देवळं, दुकानं, नळ, हौद, पार, सार्वजनिक संडास. दुसऱ्यावर वावर: शाळेची वाट, खेळायच्या जागा, जायला मनाई असलेल्या जागा. तिसऱ्यावर वास आणि आवाज. हा तिसरा थर हौस म्हणून ठेवलेला नाही. पिठाची गिरणी, चणे-फुटाण्यांची भट्टी, कोळशाची वखार, तांबट आळीतली ठोक्यांची लय यांची जागा माणसांना दुकानांच्या पाट्यांपेक्षा अचूक सांगता येते. वाऱ्याची दिशाही सांगतात: "संध्याकाळी भट्टीचा वास आमच्या गॅलरीत यायचा." तीन-चार घरांतून असं कळलं की बंद पडलेली भट्टी कागदावर सापडते.

उत्तर दिशेच्या नादी सांगणाऱ्याला लावू नका. पेठेत कुणी उत्तर-दक्षिण बोलत नाही. पत्र्या मारुतीकडून, खुन्या मुरलीधराकडे तोंड करून, जिलब्या मारुतीच्या अलीकडे असंच बोललं जातं. कागद त्यांच्या अंगाने फिरवा आणि त्यांचं घर त्यांच्या पोटाशी येऊ द्या. एवढ्यानेच निम्मी गडबड मिटते.

'तेव्हा' म्हणजे केव्हा

सन विचारलात तर अंदाज मिळतो, प्रसंग विचारलात तर तारीख. पेठेतल्या माणसांसाठी काळाच्या काही खुंट्या पक्क्या आहेत:

– १२ जुलै १९६१, बुधवार. पानशेतचं धरण फुटलं आणि पाठोपाठ खडकवासल्याचं. नदीकाठच्या पेठांमध्ये प्रत्येक गोष्ट 'पुराच्या आधी' किंवा 'पुराच्या नंतर' असते.
– ११ डिसेंबर १९६७, पहाटे. कोयनेचा भूकंप. सगळा वाडा अंथरुणातून चौकात.
– १९७२चा दुष्काळ. मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) आणि रेशनची रांग.
– १९७६-७७. जोशी-अभ्यंकर खुनांनंतरची भीती. संध्याकाळी रस्ते ओस, मुलांना दिवेलागणीआधी घरात.
– जुलै १९७९. स्कायलॅब ही अमेरिकेची अंतराळ प्रयोगशाळा डोक्यावर पडणार म्हणून पोरांची उडालेली गाळण.
– १६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. खग्रास सूर्यग्रहण, पुण्यात ते खंडग्रासच होतं, तरी दुपारी चिटपाखरू बाहेर नव्हतं.
– २५ जून १९८३ची रात्र. वर्ल्ड कप. कुणाच्या घरी टीव्ही होता, हे लगेच कळतं.
– २१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध प्यायला.

प्रश्न असा टाका: "ग्रहणाच्या दिवशी तो सायकलवाला होता का?" हो किंवा नाही, दोन्हीचा उपयोग होतो. "वखार बंद झाली तेव्हा तुमच्याकडे गॅस आला होता का?" हाही नामी प्रश्न, कारण घरात गॅसची शेगडी कधी आली ते बायकांना नेमकं आठवतं. पुरुषांना विचारून फारसं हाती लागत नाही.

स्वतःची इयत्ता हीसुद्धा एक खुंटी. "मी चौथीत असताना" असं कुणी म्हणालं की जन्मसाल विचारून साधारण नऊ मिळवा. बालवाडी किंवा नापास झालेलं वर्ष धरून एक वर्ष इकडेतिकडे होतं, तेवढी ढील ठेवा.

आधी बसून, मग चालून

पहिली बैठक घरी घ्या, टेबलावर कागद पसरून. एका वेळी एकच माणूस. दोन भावंडं एकत्र बसवली की मोठा बोलतो आणि धाकटा मान डोलावतो. दोघांचं वेगवेगळं घेऊन शेवटी एकत्र आणा, तेव्हा होणारं भांडण फार उपयोगी असतं. एक तास झाला की थांबा. सत्तरीच्या पुढच्या माणसांसोबत सकाळी साडेदहा-अकराची वेळ बरी: आंघोळ, पूजा, पेपर आटोपलेला असतो आणि जेवायची घाई नसते.

फोनवर ध्वनिमुद्रण करताना विमान मोड लावा, नाहीतर ऐन रंगात बँकेचा फोन येतो. फोन टेबलावर उघडा ठेवू नका, चौघडी घातलेल्या नॅपकिनवर ठेवा, बोलणाऱ्यापासून हात-दीड हातावर. त्याने पेला ठेवल्याचा, टेबल वाजवल्याचा दणका मुद्रणात उतरत नाही. पंखा बंद करता आला तर करा, शिट्टी व्हायच्या बेतात असलेला कुकर खाली उतरवायला सांगा. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो वेव्ह फाइलला मिनिटाला सुमारे ५ एमबी लागतात, म्हणजे तासाला ३२० एमबीच्या आसपास. तेवढी जागा आधी मोकळी करा. फाइलचं नाव घरी आल्यावर लगेच बदला: १९६१-०७-१२ या धाटणीने मुलाखतीची तारीख, मग पेठ, मग सांगणाऱ्याचा क्रमांक. 'आजी नवीन २' या नावाची फाइल सहा महिन्यांनी कुणाची ते कळत नाही.

पहिला प्रश्न रोजच्या एखाद्या कामाचा घ्या. "तुम्हाला घरून काय आणायला पाठवायचे?" या एका प्रश्नाला वाणी, गिरणी, डेअरी, वखार, गुळाचं दुकान, उधारीची वही आणि परतीच्या वाटेवरचं भुंकणारं कुत्रं असं सगळं येतं. सांगणाऱ्याने बोट कागदावर ठेवून चालायचं आणि तुम्ही पेन्सिलने मागोमाग क्रमांक टाकायचे. मजकूर क्रमांकाने वहीत, कागदावर फक्त आकडा. नकाशावरच वाक्यं लिहायला गेलात तर दहाव्या आठवणीला जागा संपते.

दुसरी बैठक चालत. रविवारी सकाळी सात ते नऊ, लक्ष्मी रोडची दुकानं उघडायच्या आत. आजोबांना चालवत नसेल तर मंडई किंवा कसबा पेठ स्टेशनपर्यंत मेट्रोने येता येतं, पण पुढचं अंतर आधी स्वतः चालून पाहा आणि बसायला कट्टे कुठे आहेत ते हेरून ठेवा. चालताना "इथे काय होतं?" असं विचारू नका. आजची इमारत बघून माणूस बावचळतो आणि समोरच्याला बरं वाटावं म्हणून काहीतरी ठोकून देतो. न बदललेल्या जागी उभे राहा, म्हणजे बहुतेक देवळापाशी, आणि तिथून पावलं मोजत जा.

अंतराच्या बाबतीत लहानपण हमखास फसवतं. आठ वर्षांच्या मुलाची उंची साधारण सव्वा मीटर, त्यामुळे डोळे मीटरभराहून थोडे वर. "केवढं मोठं पटांगण होतं" म्हणून सांगितलेला चौक मोजला तर वीस फुटी निघतो. इथे सांगणाऱ्याला खोडू नका. वास्तूच्या थरावर खरं माप घ्या आणि वावराच्या थरावर 'पटांगण' लिहा. जागेचे फोटो काढताना फोन एक मीटर उंचीवर धरून एक जादा फोटो घ्या. ओट्याची कड, दुकानाची फळी, हौदाचा काठ या उंचीवरून एकदम वेगळे दिसतात, आणि "तिथे हात पुरायचा नाही" या वाक्याचा अर्थ कळतो.

वाडा आतून

रस्त्याचा नकाशा झाला की एका तरी वाड्याचा आतला नकाशा करा, १:१०० प्रमाणात. माप खणात येईल, कारण बिऱ्हाडं खणात मोजली जात: "आमच्या दोन खणांच्या खोल्या, पुढे गॅलरी." दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. वाडा उभा असेल तर एक खण टेपने मोजा आणि बाकीचे त्यावरून काढा. वाडा पडलेला असेल तर शेजारचा मापू नका, दोन वाड्यांचे खण सारखे असतीलच असं नाही. अशा वेळी घरातल्या टिकलेल्या वस्तूचा आधार घ्या. "शिसवी कपाट आणि भिंत यांच्यात एक गादी मावायची" हे वाक्य मापाचंच आहे, आणि ते कपाट बहुधा अजून कोथरूडच्या फ्लॅटमध्ये अडचण करून उभं असतं.

जिने विसरू नका. कुठला अंधारा, कुठल्याला दोरखंड, कितवी पायरी करकरायची. पुराची पातळीसुद्धा जिन्यावरच कळते. "पाणी पाचव्या पायरीला लागलं" असं कुणी म्हणालं आणि जिना शाबूत असला, तर पाच पायऱ्यांची उंची मोजा, त्यात जोत्याची रस्त्यापासूनची उंची मिळवा. शेजारच्या दोन-तीन घरांतून अशीच मापं मिळाली की त्या बोळातली पाण्याची रेघ आखता येते. मापं फूटभराने चुकली तर गोंधळून जाऊ नका, १९६१ नंतर रस्ते थरावर थर चढून उंच झालेत. जोत्याच्या किती पायऱ्या रस्त्यात बुडाल्या ते विचारा.

पाण्याच्या मागे जा

वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा आणि फक्त पाणी काढा. पेशव्यांनी कात्रजहून नळ आणून पेठांमध्ये हौद बांधले. सदाशिव पेठ हौद, फडके हौद, बदामी हौद, साततोटी ही नावं चौकांना, बसथांब्यांना चिकटून आहेत. त्यावर पुढे म्युनिसिपालटीच्या नळाचा थर चढला. पाणी कुठून, किती वाजता, कुणी भरायचं, हंडा की कळशी, नळावर नंबर कसा लागायचा: एवढ्या प्रश्नांतून वाड्यातली सगळी माणसं, त्यांची भांडणं आणि त्यांचा दिवस उलगडतो.

कुणाला कुठल्या पाण्यापासून लांब ठेवलं जायचं, हाही प्रश्न याच ओघात विचारायचा. महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तो याच शहरात, तेव्हाच्या गंज पेठेत. त्यानंतर कित्येक पिढ्या वाड्यावाड्यांत शिवाशिवीचे नियम होतेच. "आमच्यात तसलं काही नव्हतं" हे उत्तर जवळजवळ दर वेळी येतं. तिथे वाद घालायचा नाही. संडास साफ करायला येणारी माणसं कुठल्या बोळातून यायची आणि त्यांना पाणी कोण, कसं द्यायचं, एवढंच विचारायचं. अनेक वाड्यांमागे असा वेगळा बोळ होता. तो नकाशावर आलाच पाहिजे, आणि जमलं तर त्या बाजूने पेठ पाहिलेल्या माणसाकडूनही.

मुलगे आणि मुली यांचे नकाशे वेगळ्या कागदावर करा. मुलग्यांचा पसरलेला असतो: गोट्यांची गल, विटीदांडूची मोकळी जागा, पतंगासाठी चढायची पत्र्याची छपरं, पोहायला जायची नदी. मुलींचा दाट असतो: भोंडल्याचं अंगण, सागरगोट्यांचा ओटा, हुजूरपागा शाळेची वाट, आणि त्या वाटेवरची ती दोन दुकानं जी टाळून पलीकडच्या बाजूने जायचं. एकाच कागदावर घेतले की मुलींचा नकाशा मुलग्यांच्या खाली दबतो.

खात्रीचे तीन रंग

एकाच माणसाने सांगितलं: पेन्सिल. एकमेकांशी न बोलता दोघांनी सांगितलं: निळी शाई. कागद किंवा फोटो मिळाला: लाल शाई. 'एकमेकांशी न बोलता' हे महत्त्वाचं. शाळेच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने "कोपऱ्यावर इराणी होता" असं लिहिलं की दुपारपर्यंत वीस जणांना तो आठवतो. ही वीस मतं पेन्सिलीतच.

नावांनी होणारे घोळ ठरलेले आहेत. एका पिढीचं 'प्रभात' थिएटर म्हणजे आजचं 'किबे लक्ष्मी', 'लिमये' म्हणजे 'विजय', आणि मंडईजवळ मिनर्व्हा म्हटलं की आजोबांना थिएटर दिसतं, नातवाला पार्किंग. मंडईला कुणी 'रे मार्केट' म्हणालं तर ते बहुधा आपल्या आई-वडिलांच्या तोंडचं सांगतायत. स्वतःची आठवण आणि ऐकीव गोष्ट यांच्यात वहीत वेगळी खूण करा. मालक बदलूनही दुकानाला जुनंच नाव चालू राहतं. म्हणून पाटीवरचं नाव आणि तोंडातलं नाव अशा दोन रकान्यांत लिहा.

लाल शाईसाठी आधी घरातलीच कपाटं उपसा. जुन्या पाकिटावरचा पत्ता कामाचा असतो. नुसतं 'पुणे २' किंवा 'पुणे ३०' असेल तर पत्र बहुधा ऑगस्ट १९७२च्या, म्हणजे पिनकोड सुरू व्हायच्या, आधीचं. पण जुन्या सवयीने लोक नंतरही तसंच लिहीत, तेव्हा शिक्का बघा. पत्त्यातला घरनंबर रस्त्याच्या क्रमाने येत नाही, १२३४च्या शेजारी १२३५ असेलच असा भरवसा पेठेत कुणी देत नाही. तो नंबर घेऊन नगर भूमापनची मिळकत पत्रिका काढली तर मालकी कधी बदलली ते कळतं, भाडेकरूंचा मात्र पत्ता लागत नाही. भाडेकरूंसाठी जुनी रेशनकार्डं, भाड्याच्या पावत्या, शाळा सोडल्याचे दाखले बघा. गणेशोत्सव मंडळांचे जुने अहवाल तर खाणच असतात: पाच रुपये वर्गणी देणाऱ्या दुकानांची आख्खी यादी त्यात छापलेली असते. जाहिरातींसाठी 'केसरी' आणि 'सकाळ'च्या जुन्या फाइली चाळा. त्यासाठी तारखेची खुंटी आधी हाताशी हवी, नुसतं 'साठच्या दशकात' घेऊन ग्रंथालयात गेलात तर दिवस फुकट जातो.

वाटण्याआधी

ज्याने सांगितलं त्याला पक्की प्रत आधी दाखवा आणि काय गाळायचं ते विचारा. मालक-भाडेकरू दावे, कुणाचं पळून जाणं, कुणाची दारू: असल्या गोष्टी बोलताना सहज निघतात, आणि त्यांतल्या माणसांची मुलं-नातवंडं हयात असतात. त्या वहीत राहू द्या, नकाशावर नकोत. आज राहणाऱ्यांची नावं कुठेच टाकू नका, जुन्या बिऱ्हाडांना मजला आणि बाजू पुरे: 'पहिला मजला, रस्त्याकडचे'.

ट्रेसिंग पेपर घडी घालून ठेवला की घडीवर शाई फुटते आणि पुढे तिथेच फाटतो. गुंडाळी करा किंवा सपाट ठेवा. मास्किंग टेप काम झाल्यावर काढून टाका, वर्षभरात तिचा डिंक पिवळा पडून खाली उतरतो. स्कॅन ३०० डीपीआयवर, तिन्ही थर वेगळे आणि एक एकत्र. त्यासाठी चारही कोपऱ्यांत अधिक चिन्हाच्या (+) बारीक खुणा सुरुवातीलाच करून ठेवलेल्या असाव्यात, नाहीतर संगणकावर थर एकमेकांवर बसत नाहीत. एक प्रत सांगणाऱ्याच्या घरी आणि एक त्या आळीतल्या मंडळाकडे द्या. मंडळाकडची प्रत गणपतीच्या दिवसांत मांडवाशेजारी लावली तर सोबत दोरीला बांधलेली पेन्सिल आणि कोरी वही ठेवा. लोक दुरुस्त्या थेट नकाशावरच करतात, म्हणून तिथे छापील प्रतच लावायची, मूळ कागद कधीही नाही.